टीमला स्वयंशासित होण्याचा हुकूम कसा सोडावा

सर्वप्रथम टीम गोळा करावी आणि ठणकावून सांगावे की उद्यापासून आपापले निर्णय आपणच घ्यायचे. 'म्हणजे नेमकं काय?' असे कोणी विचारल्यास 'तेही तुम्हीच ठरवा' म्हणावे. त्यांनी ठरवून आणलेले नंतर तपासून, दुरुस्त करून परत द्यावे. हिंजवडीत मी अकरा वर्षे ही पद्धत राबवतो आहे, तेव्हा अधिकारवाणीने बोलायला हरकत नसावी.

शास्त्राधार पुढीलप्रमाणे. २००१च्या फेब्रुवारीत अमेरिकेत, युटातल्या स्नोबर्डला १७ जण जमले आणि अजाइलचा जाहीरनामा करून उठले. उत्तम रचना स्वतःची घडी स्वतः बसवणाऱ्या टीममधूनच निघतात, असे त्यांच्या तत्त्वांत आहे. माणसांना लागेल ते द्या आणि काम होईल असा विश्वास ठेवा, असेही आहे. पैकी पहिला भाग सोपा. मॉनिटर मागवता येतो.

टीम दहाच्या आत ठेवावी. सात जणांत २१ जोड्या होतात, बारा जणांत ६६, आणि यातली प्रत्येक जोडी कधी ना कधी एकमेकांशी बोलायची बंद होते. उशीर झालेल्या प्रोजेक्टवर वरून आणखी चार माणसे पाठवली जातात, तेव्हा हसतमुखाने स्वागत करावे. दुसरं करणार काय?

आता स्टँडअप. वेळ पंधरा मिनिटे, सर्वांनी उभे राहावे, काल काय केलं, आज काय करणार, अडलंय कुठे ते सांगावे. बोलताना जो तो तुमच्याकडेच बघत असेल तर ते स्टँडअप नव्हे, हजेरी आहे. खरं तर माणसामागून माणूस घेऊच नये. बोर्डाच्या उजव्या टोकापासून, म्हणजे संपत आलेल्या कामापासून सुरुवात करावी आणि ते संपवायला कोण हात लावतंय एवढंच विचारावं. अर्धी धरलेली दहा कामं म्हणजे शून्य कामं. हे मला आमच्या टेस्टर मॅडमनी शिकवलं, तेही माझ्याकडे पाठ करून, बोर्डाशी बोलता बोलता.

एकोपा वाढवण्यासाठी टीमला रिसॉर्टवर नेऊन रस्सीखेच खेळवू नये. मी हरलो होतो.

कामाचा अंदाज बांधताना सर्वांनी पत्ते एकदम उलटावेत, असा दंडक आहे. कारण मोठ्याचा आकडा आधी कळला की बाकीच्यांचे आकडे त्याच्या मागे रांग लावतात. मी आकडा सांगत नाही. मी फक्त म्हणतो, "तसं सोपंच आहे, पण तुम्ही ठरवा." मागे एकदा असं म्हणालो आणि समोरच्या नव्या मुलाकडे लक्ष गेलं. त्याने हातातला तेराचा पत्ता हळूच गड्डीत सरकवला आणि तीनचा काढला. सगळ्यांचे तीन आले. एकमत झालं म्हणून मी खूश. दोन आठवड्यांच्या स्प्रिंटमध्ये ते काम मावलं नाही, पुढच्याही अर्ध्याहून जास्त स्प्रिंटला पुरलं. जुन्या पेमेंटच्या कोडला हात लावावा लागणार हे त्या पोराला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. रेट्रोत मी विचारलं, "मग बोलला का नाहीस?" यावर सगळी टीम आपापल्या लॅपटॉपमध्ये बघू लागली. एकोपा म्हणतात तो हाच असावा.

२०२०च्या स्क्रम गाइडमध्ये ते तीन प्रश्न गेले, आणि रोजची ती बैठक डेव्हलपरांची आहे, असं तिथे स्वच्छ लिहिलं आहे. हे मी वाचलं होतं. तरी पावसाळ्यात एकदा भूमकर चौकात तासभर अडकलो, तेव्हा जिवाचं पाणी पाणी झालं. मी नाही म्हटल्यावर स्टँडअपचं काय? धापा टाकत पोचलो तर जागा रिकामी. सहा मिनिटांत आटोपलं होतं. रात्रीचा तुटलेला बिल्ड दुरुस्त झाला होता, नवा मुलगा टेस्टर मॅडमच्या शेजारी खुर्ची ओढून बसला होता आणि बोर्डावर दोन कामं उजवीकडे सरकली होती. मी सगळ्यांना परत बोलावलं आणि पहिल्यापासून सांगायला लावलं. पंचवीस मिनिटं लागली.

हल्ली मी घरातून जरा उशिराच निघतो. कोणी काही म्हणत नाही. फक्त काल मी वेळेवर निघालो होतो, तर वाकडच्या सिग्नलला मॅडमचा मेसेज आला, "सर, आज ट्रॅफिक नाही का?"