शू, शी आणि जटा : फ्लॅटधारक कुटुंबांसाठी कार्यपद्धती

सदर मार्गदर्शिका दोन-अडीच महिन्यांचं शिह त्झूचं पिल्लू नुकतंच घरी आणलेल्या, तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या आणि "आमचा अगदी शहाणा आहे हो" असं शेजाऱ्यांना आधीच सांगून बसलेल्या कुटुंबांसाठी आहे. ल्हासा अप्सो किंवा पूडल आणलेल्यांनी जातीचं नाव बदलून हीच वाचावी. लॅब्राडोरवाल्यांनी निम्म्यावर थांबावं. त्यांच्या पुढच्या अडचणी वेगळ्या असून त्यात सोफा येतो.

प्रथम खातेवाटप. पिल्लू मुलांनी मागितलेलं, बाबांनी आणलेलं आणि आईच्या वाट्याला आलेलं असतं, हे गृहीत धरलेलं आहे. कामाच्या मावशींनी पहिल्याच दिवशी "ताई, कुत्र्याचं मी काढणार नाही" असं सांगितलेलं असतं. तो निर्णय अंतिम समजावा, त्यावर अपील नाही. चीनच्या राजवाड्यात या जातीच्या कुत्र्यांच्या दिमतीला खोजे असत. आपल्याकडे ते पद घरातल्याच उमेदवारांतून, पात्रतेच्या अटी शिथिल करून भरावं.

आता शूचं वेळापत्रक. पिल्लाचं वय जितके महिने, त्यात एक मिळवावा. जास्तीत जास्त तितके तास ते कळ काढू शकतं, असा ढोबळ हिशेब आहे. म्हणजे दोन महिन्यांच्या पिल्लाला फार तर तीन तास. हा हिशेब शांत पडून राहिलेल्या पिल्लाचा आहे, मुलांबरोबर हॉलभर धावणाऱ्या पिल्लाचा नाही. झोपेतून उठल्याबरोबर, खाल्ल्यानंतर पंधरा-वीस मिनिटांत आणि खेळ थांबल्याक्षणी त्याला ठरलेल्या जागी न्यायचं असतं. जमीन हुंगत ते गोल फिरू लागलं की आपल्याकडे काही सेकंद असतात. ते सेकंद बहुतेक घरांत "अगं, त्याला शू आलीये वाटतं", "तू ने ना", "मी मघाशी नेलं होतं" या चर्चेत जातात. ठराव मंजूर होईपर्यंत विषय संपलेला असतो.

पाहुणे आल्यावर दारातच होते ती शू वेगळ्या सदरात मोडते. ती अति आनंदाची किंवा धाकाची असते, पिल्लाच्या हातात नसते आणि रागावलं की वाढते. तेव्हा पाहुण्यांना "त्याच्याकडे आधी बघू नका" अशी विनंती करावी. पाहुणे "आम्हाला सगळी कुत्री ओळखतात" म्हणत खाली वाकतील. त्यांच्या मोज्यांची जबाबदारी त्यांच्यावर.

लसींचा कोर्स साधारण सोळा आठवडे वयापर्यंत चालतो. तोवर पिल्लाला रस्त्यावरच्या मातीत सोडू नये, कारण पार्वोचा विषाणू मातीत महिनोन् महिने टिकतो. म्हणून सगळे वर्तमानपत्राकडे वळतात. बाल्कनीत पेपर पसरला, पिल्लाने त्यावर शू केली, टाळ्या वाजल्या. इथपर्यंत सगळं ठीक. पण पिल्लू जागेइतकंच पावलांखाली काय लागतं हेही लक्षात ठेवतं. पेपर म्हणजे संडास हे त्याने मनोभावे शिकलेलं असतं आणि तिकडे आजोबांना सकाळचा पेपर जमिनीवर पसरून, वर चष्मा ठेवून वाचण्याची पन्नास वर्षांची सवय असते. पिल्लाने अग्रलेखावर दिलेली प्रतिक्रिया राजकीय समजू नये. ज्यांना आजोबा आणि पेपर दोन्ही ठेवायचे आहेत, त्यांनी पहिल्या दिवसापासून शू-पॅड किंवा कृत्रिम गवताचा ट्रे वापरावा आणि तो रोज एकाच जागी ठेवावा. पाहुणे यायचे म्हणून ट्रे बेडरूममध्ये हलवला, तर पिल्लूही बेडरूममध्ये जाईल. त्यात त्याचं काहीही चुकलेलं नसेल.

खाली न्यायला लागल्यावर एक तक्रार हमखास येते: "वीस मिनिटं फिरवलं, काही केलं नाही, आणि वर आल्या आल्या सतरंजीवर!" याचं कारण बहुतेक वेळा आपल्याच शिस्तीत असतं. खाली त्याने शू केली की आपण "झालं ना, चला" म्हणून लगेच वर आणतो. शू केली की मजा संपते, हे पिल्लाला दोन-चार दिवसांत उमगतं आणि ते मग शक्य तितकी लांबवतं. शू झाल्यावर लगेच, तिथेच, खाऊचा तुकडा द्यावा आणि त्यानंतर फिरवावं. घरी येऊन दिलेला खाऊ लिफ्टमधून वर आल्याबद्दलचा असतो.

पिल्लाचं नाक त्याच्याच शूत घासण्याच्या पद्धतीचे पुरस्कर्ते असलेले निदान एक काका प्रत्येक कुटुंबात असतात. "आमच्या वेळी एकदा नाक घासलं की पुन्हा नाव नाही," असं ते सांगतात. यातून पिल्लू इतकंच शिकतं की शू आणि माणूस एकत्र दिसले की मार पडतो. पुढच्या वेळी ते माणूस टाळतं आणि सोफ्यामागे जातं. काकांना सोफ्यामागे काही दिसत नसल्यामुळे त्यांची पद्धत यशस्वी ठरते. "बघ, कसा अपराधी चेहरा करून बसलाय" हा काकांचा दुसरा पुरावा. अलेक्झांड्रा हॉरोविट्झ या संशोधिकेने 2009 मध्ये यावर प्रयोग प्रसिद्ध केला. मालक रागावले की कुत्र्यांनी तो चेहरा केला, मग त्यांनी काही केलेलं असो वा नसो. उलट काही न करता बोलणी खाल्लेली कुत्री अधिकच अपराधी दिसली. काकांना हे सांगून पाहावं. "पिल्लू मात्र सुशिक्षित दिसतंय," असं ते म्हणतील.

आता पुसण्याविषयी, कारण सगळं इथे अडतं. प्रचलित पद्धत अशी: फडकं पायाने फिरवावं, वर फिनाईल ओतावं, आणि "वास येतोय का रे?" असं सर्दी झालेल्या माणसाला विचारावं. आपल्या नाकात वास टिपणाऱ्या पेशी जेमतेम 50-60 लाख मानल्या जातात, कुत्र्याच्या नाकात 20 कोटींच्या पुढे. फिनाईलखालचा आपला पत्ता त्याला स्वच्छ वाचता येतो. शिवाय ओल्या फरशीवरून फिरून पिल्लू पंजे चाटतं, आणि फिनाईल पोटात जाणं त्याला घातक आहे. अमोनिया असलेलं क्लीनर तर मुळीच नको. त्याचा वासच शूच्या वळणावर जातो. पाळीव प्राण्यांच्या दुकानात एन्झाइमवालं क्लीनर मिळतं, ते वास झाकत नाही, त्याचं मूळच मोडतं. ते ओतून बाटलीवर लिहिलेला वेळ तसंच राहू द्यायचं असतं. नेमकं हेच जमत नाही, कारण डाग दिसेनासा झाला की आपलं काम संपतं आणि पिल्लाचं डागाशी कधीच काही काम नसतं.

सोसायटीविषयी थोडक्यात. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या 2015 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोसायटीला कुत्रा पाळायला किंवा लिफ्टमधून न्यायला सरसकट बंदी घालता येत नाही. या सूचनांची प्रत सेक्रेटरींना देण्यापूर्वी लिफ्ट पुसून घ्यावी. खिशात पिशवी ठेवावी आणि ती वापरावी. पिशवी दाखवून फिरणं आणि वॉचमन दिसला नाही की न वापरणं ही पद्धत सीसीटीव्हीमुळे कालबाह्य झाली आहे.

येथून केशविभाग. दोन्ही विभागांची हद्द शेपटीखाली मिळते. शी तिथल्या केसांना चिकटते, वाळते, आणि मग आपण पिल्लाला सोफ्यावर घेतो. त्या भागातले केस नेहमी बारीक कापून घ्यावेत. या कामासाठी घरातून स्वयंसेवक पुढे येत नाहीत. ग्रूमरला पैसे द्यावेत.

केस विंचरण्याची घरगुती पद्धत पुसण्यासारखीच आहे, म्हणजे वरवर. ब्रश पाठीवरून फिरतो, पिल्लू लग्नाला निघाल्यासारखं दिसतं, फोटो ग्रुपवर जातो. खाली, कातडीलगत, गळालेले मऊ केस बाहेर न पडता एकमेकांत अडकत असतात. कानांच्या मागे, काखेत, मांडीच्या आत आणि गळपट्ट्याखाली, म्हणजे जिथे घर्षण होतं तिथे, त्यांचा नमदा होतो. आवडीने घातलेला स्वेटर आणि पावसाळ्यातला रेनकोट त्याला हातभार लावतात. पिल्लाचे केस जाऊन मोठ्या कुत्र्याचे केस येतात त्या काळात, म्हणजे साधारण आठ महिने ते वर्षाच्या सुमारास, काल नसलेली गाठ आज सापडते. जुळलेल्या जटा कापायला महाराष्ट्रात अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी वर्षानुवर्षं बायकांची समजूत घातली आहे. पिल्लाच्या बाबतीत देवीचा कोप वगैरे अडसर नाही. अडसर फक्त "रविवारी बघू" हा आहे.

खरी रीत अशी: केसांचे थर वर धरून खालून सुरुवात करावी, कातडी दिसेपर्यंत भांग पाडत एकेक थर स्लिकर ब्रशने सोडवावा आणि शेवटी स्टीलचा कंगवा मुळापासून टोकापर्यंत घालून पाहावा. कंगवा अडला तर विंचरून झालेलं नाही, फोटो कितीही चांगला आला तरी. लहानपणापासून रोज पाच मिनिटं, हातात खाऊ घेऊन, पंजे आणि कानांसकट. मोठेपणी एकदम सुरू केलं तर ते चावण्याचा हक्क राखून ठेवतं.

गाठी दिसल्या की घरात "आधी आंघोळ घाला" असा आदेश निघतो. नेमकं हेच करू नये. पाण्याने गाठ आवळते आणि तिच्या आत ओल साठून कातडी खराब होते. आजी खोबरेल तेलाची वाटी घेऊन येतील. त्यांच्या हेतूबद्दल शंका नाही, पण तेलावर धूळ बसते आणि उरलेलं पिल्लू चाटून संपवतं. वाटी आदराने स्वीकारून आजींच्याच डोक्याला लावावी, दोघांनाही बरं वाटेल. माणसांचा शाम्पूही नको, कुत्र्याची कातडी आपल्यापेक्षा कमी आम्ल असते.

कात्रीबद्दल विनोद नाही. गाठ ओढली की तिच्याबरोबर पातळ कातडी तंबूसारखी वर येते आणि ती नेमकी पात्यांच्या मध्ये सापडते. पशुवैद्यांकडे टाके घालायला येणाऱ्यांत अशी पिल्लं असतात, आणि सोबतचे सगळे "एकच गाठ होती हो" असं सांगतात. छोटी गाठ बोटांनी टोकाकडून मुळाकडे उकलावी. घट्ट बसलेली असेल तर ग्रूमरकडे किंवा डॉक्टरांकडे यंत्राने काढून घ्यावी. आत गोचीड असण्याची शक्यता धरून चालावं. गोचीडताप आणणाऱ्या गोचिडांना अशा जागा फार आवडतात.

सगळ्या अंगावरच जटा झाल्या असतील तर सोडवत बसण्यापेक्षा पूर्ण भादरणं दयाळूपणाचं. निघताना आपलं कुत्रं ओळखू येणार नाही आणि आजी "हे आपलंच का?" असं विचारतील. केस पुन्हा येतात, महिन्याला साधारण एक सेंटिमीटर. तेवढ्या अवधीत स्टीलचा कंगवा घरात कुठे ठेवला आहे, ते शोधून ठेवावं, ही विनंती.