फोटोदादा

जालना जिल्ह्याला समुद्र नाही. किनारा म्हणून आमच्या वाट्याला गोदावरी आली. अलीकडे अंबड, घनसावंगी, परतूर, पलीकडे बीड आणि परभणी, आणि मधून ती. या काठावरच्या गावांत एखादा लेक असा निघतोच, जो शिकून परदेशी जातो आणि दिवाळीला गळ्यात कॅमेरा अडकवून परत येतो. आमच्याकडं तो माझा चुलतभाऊ. त्याचं पाळण्यातलं नाव आता फक्त पासपोर्टवर उरलंय. गाव त्याला फोटोदादा म्हणतं.

दादा जर्मनीत डसेलडॉर्फला असतो. तिथं ऱ्हाईन आहे, बारमाही, मोठमोठ्या बोटी चालतात एवढी. तिचा एकही फोटो त्यानं आम्हाला कधी पाठवलेला नाही. "ती काय, रोजचीच आहे," म्हणतो. त्याच्या घरच्या भिंती मात्र गोदावरीनं भरल्यात. पावसाळ्यात त्याचा फोन आला की पहिला प्रश्न, "नाथसागर किती टक्के?" पैठणचं धरण 102 टीएमसीचं. ते भरत आलं की सोडलेल्या पाण्याच्या धास्तीनं इकडं आमची झोप उडते, आणि तिकडं हा तिकिटाच्या तारखा बघायला लागतो.

चिकलठाण्याला विमानातून उतरल्यावर माणसानं सरळ घरी यावं. दारात काकू भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन उभी असते. हा फाट्यावरूनच गाडी नदीकडं वळवायला लावतो. "ऊन उतरतंय रे, पाचच मिनिटं." एका वर्षी काकूनं वाट बघून बघून तांब्यातलं पाणी तुळशीला घातलं आणि म्हणाली, "आपल्या तालुक्याला हे जुनंच हाय. जांबचे समर्थ 'सावधान' ऐकून मांडवातून निघाले, ते आईला कैक वर्षं दिसले नाहीत. आमचा निदान अंधार पडल्यावर तरी येतो."

पहाटे मोटारसायकल मी चालवायची, तिकाटणं मी धरायचं, आणि धुकं का नाही पडलं याचा जाबही मीच द्यायचा. दादा लिंबाखाली उभा राहतो. दरवर्षी तोच लिंब, तीच जागा. "थांब, बगळा बसू दे." बगळा बसतो. "थांब, आता उडू दे." बगळा काही उडत नाही. मी खडा उचलला की खवळतो, "नैसर्गिक पाहिजे!" मग "एकच, शेवटचा" असं म्हणत तासभर जातो. त्यातून परतावं, तर चहाला बोलावलेले पाहुणे चहा पिऊन, आम्हाला नावं ठेवून निघून गेलेले असतात.

दादाच्या फोटोत काय नसतं, ती यादी मोठी आहे. काठावरच्या मोटारी नसतात, काळे पाइप नसतात, वायरी नसतात, विजेचे खांब नसतात, वाळूचे हायवा तर नसतातच. त्याची नदी त्याच्या लहानपणची आहे, उन्हाळ्यात पांढऱ्या वाळूची आणि वाळवंटातल्या टरबुजांच्या वाड्यांची. मधल्या काळात जोगलादेवी, मंगरूळ, राजाटाकळी असे बंधारे झाले, पाणी तुंबलं, वाड्या बुडाल्या आणि आमचा ऊस उभा राहिला. त्याला नदी पाहिजे असते, आम्हाला नदीचं पाणी. धाकटे काका दरवर्षी धुतलेली टोपी घालून आपल्या साडेसातच्या मोटारीशेजारी उभे राहतात. "हिचा काढ की एक. हिच्यावर पोरीचं लग्न केलंय." दादा म्हणतो, "काका, जरा बाजूला व्हा, मागं उजेड फार छान आलाय."

तिकाटण्यावर कॅमेरा लावून नदीकडं टक लावणाऱ्या माणसाला आमच्याकडं कोणी कलावंत समजत नाही. एका संध्याकाळी त्यानं कॅमेरा रोखला आणि पात्रातले हायवा दिवे मालवून पटापट पसार झाले. तहसीलची धाड पडली, असा निरोप पुढच्या दोन घाटांवर गेला होता. दादा गहिवरला. "बघ, लोकांना सौंदर्याची कदर आहे." अतिवृष्टीच्या वर्षी तर एक म्हातारबा त्याला हाताला धरून कापसात घेऊन गेले. "साहेब, हितून घ्या. बोंडं काळी पडलेली नीट दिसू द्या." दादानं मन लावून बोंडं टिपली, दवाच्या थेंबासकट. म्हातारबांनी पडद्यावर फोटो बघितला, मान डोलावली आणि विचारलं, "मग किती मंजूर झाले?"

मागं एका पुरानं लिंबाजवळचा काठ कापून नेला आणि दोन भाऊबंदांत बांधावरून जुंपली. बांध मुळात कुठं होता? मोजणीची तारीख मिळेना. तेव्हा कुणाला तरी आठवलं की दादानं दरवर्षी तिथूनच फोटो काढलाय. रात्री ओट्यावर लॅपटॉप उघडला. दोन्ही पार्ट्या, पोलीस पाटील, पोरंसोरं, सगळं गाव वाकून बघायला लागलं. लिंब होता, धुकं होतं, बगळा होता.

"बांधावरचा खांब कुठंय?" पोलीस पाटलांनी विचारलं.

"काढून टाकला," दादा म्हणाला. "वायर आडवी येत होती."

"आम्ही अर्ज देऊन देऊन थकलो, त्यो खांब जागचा हलंना," एक भाऊबंद म्हणाला, "आन् तू बोटानं काढलास व्हय?"

हसण्यात भांडण निम्मं विरघळलं. दादानं मुकाट्यानं मूळ फोटो हुडकले. त्यात खांब होता, बांध होता, पाइप होते, कुणाची तरी वाळत घातलेली धोतरं होती. वर्षामागून वर्ष गाव आपला काठ बघत बसलं. "ही आमची शेळी," "हे आमचं तात्या, तव्हा जिते होते," असं मध्यरात्रीपर्यंत चाललं. दादानं जे जे कापलं होतं, त्यालाच लोक बोटं लावत होते.

आता दिवाळीला तो आला की लिंबाखाली माणसं आधीच हजर असतात. कुणाला विहीर टिपून पाहिजे, कुणाला बांध, कुणाला नुसतं उभं राहायचं असतं. दादा कुरकुरतो, "उजेड जाईल रे," आणि एकेकाचा काढतो. यंदा काकांची पाळी आली तेव्हा त्यानं स्वतःच विचारलं, "मोटारीसंगं ना?"

काका टोपी सारखी करत म्हणाले, "हाव. आन् बगळा आला तर येऊ दे, पण मोटार झाकू देऊ नको."