सहीपुरता डॉक्टर

डॉक्टर जेथे टिकत नाहीत तेथे डॉक्टरसदृश मनुष्य नेमावा, ही कल्पना भारतात ठरावीक काळाने नव्या नावाने जन्मास येते आणि दर वेळी तिचे बारसे थाटात होते. 1946 मध्ये भोर समितीने अल्प मुदतीच्या लायसेन्शिएट वैद्यांची परंपरा आवरती घेण्याचा मार्ग दाखवला, 1975 मध्ये श्रीवास्तव समितीने गाव आणि डॉक्टर यांच्या मधली माणसे पुन्हा घडवण्यास सांगितले, आणि 2021 च्या केंद्रीय कायद्याने ‘फिजिशियन असोसिएट’, म्हणजे डॉक्टरांच्या देखरेखीखाली रुग्णाचे पूर्ववृत्त घेणारा व त्यास तपासणारा पदवीधर, मान्य व्यवसायांच्या सूचीत आणला.

अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात 1965 मध्ये डॉ. युजीन स्टेड यांनी अशा सहायकांच्या शिक्षणासाठी निवडलेले पहिले चौघे नौदलात रुग्णसेवा करून आलेले होते. तेथे हात आधी तयार झाला, हुद्दा मागाहून आला. पदवी आधी द्यावी आणि रुग्ण सवडीने शोधावेत, हा सुटसुटीत क्रम पुढच्यांची देणगी होय.

वास्तविक रुग्ण शोधत हिंडण्याचे कारण नाही; अशा शिक्षणास कर्जत-खालापूर पट्ट्यातील कुंभिवली गावाच्या परिसराइतकी संपन्न वर्गखोली दुर्मीळच. अस्थिभंगांची सोय मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग करतो, भाजण्याची खोपोलीकडचे कारखाने, सर्पदंशाची भातखाचरे, तर रक्तक्षयाची कातकरी-ठाकर वाड्या. मात्र हे अध्यापनसाहित्य स्थानिक वापरासाठी नसते. गंभीर रुग्ण ‘रेफर’ होतो, म्हणजे चिठ्ठीसह पनवेल, अलिबाग वा मुंबईकडे रवाना केला जातो, आणि क्लिनिकल पोस्टिंग, म्हणजे खाटेशेजारी उभे राहून घ्यायचे शिक्षण, मिळावे म्हणून विद्यार्थीही त्याच्या मागोमाग निघतो. तेथे खाटेभोवती एमबीबीएस आणि परिचर्येचे विद्यार्थी आधीच दाटीने उभे असल्यामुळे या नवागतास रुग्णाची पावले तेवढी दिसतात (मधुमेही पायाचा अभ्यास त्यामुळे उत्तम होतो, हे नाकारता येणार नाही).

प्रशिक्षणाच्या जागा तालुक्यातच वाढवाव्यात, या सूचनेस तत्त्वतः कोणाचाच विरोध नसतो. अडचण लॉगबुकाची, म्हणजे विद्यार्थ्याने केलेल्या प्रत्येक कामाच्या नोंदवहीची आहे. तीत नोंदलेल्या टाक्यापुढे विशेषज्ञाची सही लागते, आणि ग्रामीण रुग्णालयातील विशेषज्ञाचे पद बहुधा रिक्त असते, किंबहुना ते रिक्त असते म्हणूनच सहायकाची योजना झालेली असते. तेव्हा टाके येथेच घालावेत आणि वही तेवढी पनवेलला रेफर करावी, एवढा बदल नियमांत बसण्यासारखा आहे.