पुस्तक भिजलं तर कोणाचं?

अमेरिकेत मराठी पुस्तकं काढणाऱ्या बाईला लोक दोनच प्रश्न विचारतात. "परवडतं का हो?" आणि "एक प्रत अशीच मिळेल का?" पहिल्याचं उत्तर दुसऱ्यात आहे. "तुम्ही नक्की करता काय?" हा तिसरा प्रश्न मला आजवर एकानेच विचारला, तो म्हणजे इथल्या आयकर कायद्याने.

झालं असं, की निर्यातदारांची जुनी करसवलत जागतिक व्यापार संघटनेने नियमबाह्य ठरवली. तेव्हा २००४ साली अमेरिकन काँग्रेसने देशातल्या देशात माल बनवणाऱ्यांसाठी नवी वजावट काढली. उत्पादनाच्या नफ्यावर आधी ३ टक्के, मग ६, आणि २०१० पासून ९. पंगत कारखानदारांची, पण पाटावर कोण कोण येऊन बसलं! बिल्डर, आर्किटेक्ट, सॉफ्टवेअरवाले, सिनेमावाले. (अश्लील सिनेमे तेवढे उठवले.) कॉफीच्या बिया कारखान्यात भाजल्या तर ते उत्पादन, दुकानात तीच कॉफी करून कपात ओतली तर नाही. कायद्याच्या कागदपत्रांतली ही तळटीप स्टारबक्सच्या नावानेच प्रसिद्ध झाली.

मग मी काय घोडं मारलं होतं? न्यू जर्सीतल्या घराच्या बेसमेंटमधून मी मुलांची पुस्तकं काढते. २०१४ च्या मार्चमध्ये आमच्या सीपीएला, म्हणजे इथल्या सीएला, गाठलं. हा यांचा मित्र, मूळचा सोलापूरचा.

"वहिनी, छापता कुठे?"

"पेनसिल्व्हेनियात."

"बरं झालं. पुण्यात छापली असतीत तर विषय तिथेच संपला असता. कागद कोणाचा?"

"प्रेसचा."

"शाई?"

"त्यांचीच."

"छापता छापता प्रेसमध्ये पाणी शिरलं, फर्मे भिजले, तर नुकसान कोणाचं?"

"त्यांचं. पुन्हा छापून देतील."

"मग उत्पादक ते. तुम्ही गिऱ्हाईक."

एका मालावर वजावट एकालाच. आणि माल तयार होत असताना मालकीचे फायदे-तोटे ज्याच्या अंगावर, तो उत्पादक. जाहिरातींची पत्रकं बाहेरून छापून घेणारी अ‍ॅडव्हो नावाची कंपनी २०१३ मध्ये याच मुद्द्यावर कर न्यायालयात हरली होती.

मी खवळले. लेखकाच्या मागे लागते मी, ऱ्हस्व-दीर्घ बघते मी. त्या मशीनवरच्या माणसाला तर शाईचा अंगठा पानावर टेकवून सांगावं लागलं होतं, की बाबा रे, ही आडवी रेघ वर असते, हिच्यावरून पान उलटं की सुलटं ते ओळख!

"तो मजकूर झाला," सीपीए म्हणाला. "मजकूर अमूर्त. कायदा कागदाचं बोलतोय."

"आणि खोकी घरी आल्यावर बेसमेंटमध्ये पाणी शिरलं तर?"

"नुकसान तुमचं."

"पुस्तकं खपलीच नाहीत तर?"

"ते तर तुमचंच, वहिनी!"

म्हणजे आयुष्यभराची जोखीम माझी, पण कायदा बघणार ते प्रेसमधले चार दिवस.

तरी तो पेटला. कागद तुम्ही घ्या, करारात जोखीम तुमच्या नावावर लिहा, विमा उतरवा, बघतोच कसे नाही म्हणतात! मी कारखानदार व्हायच्या बेतात होते, तेवढ्यात त्याने सहज विचारलं, "पगारावर किती जण आहेत?"

वजावट पगाराच्या निम्म्याहून जास्त मिळत नसे, आणि मालकाने स्वतःसाठी काढलेले पैसे पगारात धरत नसत.

"तुझा मित्र खोकी उचलतो की."

"पगार देता?"

"जेवायला देते."

शून्याचं निम्मं शून्य. यांना पगारावर घ्यायचं म्हटलं, तर माझ्या ४००० डॉलर नफ्यावर ९ टक्क्यांनी वजावट ३६० डॉलर. २५ टक्के दराने कर वाचणार ९० डॉलर. सीपीएची फी त्याहून जास्त होती. हे मात्र "पगारवाढ दर वर्षी का?" म्हणून विचारत होते.

ती वजावट २०१७ च्या कायद्याने रद्द झाली. तिच्या जागी छोट्या धंद्यांच्या नफ्यावर सरसकट २० टक्के वजावट आली, आणि २०२५ मध्ये ती कायमची झाली. आता माझ्याएवढ्या कमाईला कागद कोणाचा, पाणी कुठे शिरलं, पगारावर कोण, काही कोणी विचारत नाही. पैसे जास्त वाचतात, तक्रार नाही. पण मेलं आता मी पुस्तकं काढते की केस कापते, याच्याशी सरकारला देणंघेणं उरलेलं नाही. भांडायचं तरी कोणाशी?