झडीतला जावई

धोंड्याच्या जेवणाला जाताना जावई रिकाम्या हातानं जातो आणि भरल्या पोटानं परततो. मी मात्र खिशात यादी घेऊन गेलो. 2023 चा अधिक श्रावण होता, जुलै सरत आला होता आणि सासूबाईंचं धावड्याहून आवतण होतं. बायको बॅगेत कपडे भरत होती तेव्हा मी ‘पावसाळी दिवसांत करण्यासारखं’ असं शीर्षक देऊन खाली आकडे टाकत होतो.

यादीमागं अभ्यास होता. वेल्समध्ये हे-ऑन-वाय नावाचं एक छोटं बाजारगाव आहे. बाहेर पाऊस लागला की तिथं येणारी माणसं जुन्या पुस्तकांच्या दुकानांत शिरतात. या दुकानांचा नाद गावाला लावणाऱ्या रिचर्ड बूथ यांनी 1 एप्रिल 1977 रोजी स्वतःला गावचा राजाच जाहीर करून टाकलं. त्या गावावरून स्फूर्ती घेऊन 2017 साली आपल्याकडं भिलार हे पुस्तकांचं गाव झालं. थोडक्यात, छोटं गाव, पाऊस आणि जरा कल्पकता एवढ्या भांडवलावर माणूस राजा होऊ शकतो. मी तर जावई होतो, म्हणजे निम्मी वाट आधीच चाललेली.

धावडा भोकरदन तालुक्यात आहे. अजिंठ्याचे डोंगर जवळ, बुलढाणा जिल्ह्याची हद्दही जवळ. इथं पाऊस कोसळून मोकळा होत नाही, त्याची झड लागते. बारीक, एका सुरात, रात्रंदिवस. जमिनीला वापसा येईपर्यंत निंदणं, कोळपणं, फवारणी सगळं ठप्प. सोयाबीन आणि कपाशी शेतात उभी राहतात, माणसं घरात आडवी होतात. पहिल्याच सकाळी मी उत्साहानं विचारलं, “मामा, आज काय करायचं?”

सासऱ्यांनी आधी आभाळाकडं पाहिलं, मग माझ्याकडं. “कामून? झड हाये ना.”

मला तो प्रश्न वाटला. ते उत्तर होतं.

यादीत पहिला आकडा अजिंठ्याचा. मेहुण्याला मोटारसायकल काढायला लावली. पोरगा काही न बोलता निघाला. वाटेत मी मागं बसून त्याला इतिहास सांगत होतो. 28 एप्रिल 1819 रोजी जॉन स्मिथ नावाचा इंग्रज अधिकारी शिकारीला आला काय, त्याला लेणी दिसली काय, दहाव्या लेण्यात त्यानं आपलं नाव कोरलं काय! रेनकोटाच्या टोपीतून त्याला कितपत ऐकू गेलं देव जाणे. अजिंठ्याचा घाट उतरून, गारठून, चिंब होऊन आम्ही पोचलो तर सगळं सामसूम. सोमवारी लेणी बंद असतात.

“तुला ठाऊक होतं?”

“हाव. सगळ्यांलाच ठाऊक हाये, दाजी. मला वाटलं तुम्हाला घाट बघायचाय.”

परतताना मी मनात हिशेब केला. 28 एप्रिल 1819 ला बुधवार होता. स्मिथचं नशीब.

दुसरा आकडा असईचा. असई याच पट्ट्यात. तिथं 23 सप्टेंबर 1803 रोजी इंग्रजांचा सेनापती वेलस्ली यानं शिंदे आणि नागपूरकर भोसल्यांच्या फौजांशी लढाई केली. पुढं वॉटर्लू जिंकूनही हा माणूस आपली सर्वांत सरस लढाई म्हणून असईचंच नाव घेत असे. वाटाड्यांनी त्याला सांगितलं होतं की केळणा नदीला जवळपास उतार नाही. त्यानं पाहिलं, दोन काठांवर दोन गावं समोरासमोर. त्यानं ताडलं की एवढी शेजारी गावं येण्याजाण्याची सोय केल्याशिवाय बसणार नाहीत. उतार सापडला आणि फौज पार झाली.

असईपर्यंत आम्ही पोचलोच नाही. वाटेत एक ओढा भरून चालला होता. अलीकडं वस्ती, पलीकडं वस्ती. माझ्यातला सेनापती जागा झाला. “इथं उतार असलाच पाहिजे,” मी पँट दुमडत म्हणालो.

“हाये ना,” मेहुणा म्हणाला. “उन्हाळ्यात.”

तोवर माझा पाय पाण्यात होता. वेलस्लीचं सैन्य पार झालं होतं, माझी फक्त उजवी चप्पल झाली. तीही सरळ पलीकडं न जाता ओढ्याबरोबर गेली. डावी मी घरी आणली. का आणली, हे सासूबाईंनी विचारलं नाही. त्यांनी ती उचलून चुलीमागं वाळत ठेवली, हा त्यांचा मोठेपणा.

यादीवर आता एकच आकडा उरला होता: स्थानिक बाजारपेठेत रमणे. हा पट्टा हिरव्या मिरचीचा. पावसाळ्यात तोडे सुरू होतात, संध्याकाळी गाड्या येतात, ताडपत्रीखाली हिरवे ढीग पडतात आणि कट्टे भरून माल लांबच्या बाजारांकडं निघतो. झडीत मात्र शेतकऱ्याचा जीव टांगणीला असतो. ओली मिरची तशीच भरली तर वाटेत तापते आणि सडते, भाव पडतो, नि तोडा लांबवला तर झाडावरच खराब होते. सगळे घाईत होते. रिकामा मी एकटा. खाली बसून मीही मोडकी, सडकी मिरची निवडू लागलो. एक म्हातारी आजी “राहू द्या पाव्हणे” म्हणाली. त्याला मी नम्रपणा समजलो.

मिरचीचा जाळ बियांत असतो, अशी आपली समजूत. खरं तर तो आतल्या पांढऱ्या शिरेत असतो, आणि मोडक्या मिरचीत ती शीर उघडीच पडलेली. बोटं भरली. ताडपत्रीतून एक थेंब चष्म्याच्या आत पडला. मी चष्मा काढला आणि दोन्ही डोळे पुसले.

पुढचं मी ऐकूनच सांगू शकतो. मी म्हणे बाजाराच्या मधोमध पावसात तोंड वर करून उभा होतो. त्याचा उपयोग शून्य, कारण मिरचीतलं कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही, तेला-तुपात विरघळतं. हे शास्त्र मला नंतर कळलं. आजीला आधीच येत होतं. तिनं माझे हात धरून गोडंतेल चोळलं, राखेनं घासले, धुतले आणि मग डोळे धुवायची परवानगी दिली. तेवढा वेळ मिरचीचा सौदा थांबला होता. झडीनं जे जमलं नव्हतं ते मी केलं.

निघायच्या सकाळी लख्ख उघडीप पडली. एसटीत बायको शेजारच्या बाईंना खुशीत सांगत होती, “लै दिवसांनी इतकं काय काय झालं बघा. शेंगा भाजून खाल्ल्या, दुपारची झोप काढली, मोठ्या आत्याशी धरलेला अबोला सुटला, धोंडे झाले, अनारसे झाले.” खिशातल्या ओल्या यादीचा एव्हाना लगदा झाला होता. बाईंनी कौतुकानं माझ्याकडं पाहिलं. माझे डोळे अजून लाल नि सुजलेले, पाणी थांबत नव्हतं.

“पाव्हण्यांला काय झालं?” त्यांनी हळूच विचारलं.

“काही नाही,” बायको म्हणाली. “सासुरवाडी सोडवत नाही त्यांना.”