जागा धरणारा मामा

तारापूर एमआयडीसीत बावीस वर्षं पाळ्या करून मला दोनच गोष्टी नीट येतात. वाऱ्यावरच्या वासावरून कुठल्या कंपनीत काय शिजतंय ते ओळखणं, आणि डहाणूहून भरून आलेल्या लोकलमध्ये बोईसरला जागा धरणं. एवढ्या भांडवलावर मी भाचीच्या ॲडमिशनचा सल्लागार झालो.

सीईटीत तिला 98.2 मिळाले. पालघरला ताईकडे जाण्याआधी मी निम्म्या बोईसरला "अठ्ठ्याण्णव टक्के!" म्हणून पेढे वाटले. भाचीने दारातच अडवलं. "मामा, टक्के नाहीत, पर्सेंटाइल. तीन लाख पोरं बसली असं धर, तर माझ्यापुढे पाच हजार चारशे आहेत." उरलेला पुडा परत न्यावा असं वाटलं, पण ताईने तो देवापुढे ठेवलासुद्धा.

तिला हवं होतं माटुंग्याचं आयसीटी, केमिकल. 1933 सालची संस्था. आमच्या प्लांटमधले जुने साहेब तिला अजून जुन्या नावाने यूडीसीटीच म्हणतात, आणि म्हणताना जरा ताठ बसतात. मी म्हटलं, "आधी हमखास मिळेल ते धरू, वरचं मग बघू." कॅपचा, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेचा, ऑप्शन फॉर्म मी ताब्यात घेतला. रात्रपाळीत जुन्या लॉगबुकाच्या मागच्या पानांवर एकेचाळीस कॉलेजं उतरवली. जिथे नंबर लागणारच अशी माझी खात्री होती, ते घराजवळचं पहिलं. आयसीटी सदतिसावं. लोकलचाच नियम, आधी मिळेल तिथे टेकायचं, खिडकीचं नंतर.

सकाळी फॉर्म भरला आणि कन्फर्म करायला गेलो, तर पासवर्ड आठवेना. माझ्या आयुष्यात विसरभोळेपणाचा एवढा उपयोग कधी झाला नव्हता. कारण संध्याकाळी भाचीने यादी वाचली.

"मामा, कॉम्प्युटर वरून खाली वाचतो. बसेल ते पहिलं कॉलेज देऊन मोकळा. आणि पहिल्या फेरीत पहिलाच पर्याय लागला की तो घ्यावाच लागतो, पुढच्या फेऱ्या बंद."

"म्हणजे?"

"म्हणजे मला चर्चगेटला जायचंय आणि तू सफाळ्याला उतरवतोयस."

तिने यादी नव्याने लावली. आयसीटी पहिलं, माझं हमखास तळाला. पण नव्या पासवर्डचा ओटीपी माझ्या मोबाईलवर येणार, आणि दुसऱ्या दिवशी पाळी सुरू झाली तेव्हा मोबाईल गेटवरच्या लॉकरमध्ये. प्लांटमध्ये नेत नाहीत. भाचीने लँडलाइनवर फोन केला. हेल्मेट, गॉगल, सेफ्टी शूज अशा थाटात मी रिॲक्टरपासून गेटपर्यंत धावलो. मला धावताना बघून दोन कामगार वाऱ्याची दिशा बघून उलटीकडे पळाले. गेटवर पोचेपर्यंत ओटीपीची मुदत संपली होती. दुसरा मागवला. चष्मा आतच राहिलेला, म्हणून तो वॉचमनने मोठ्याने वाचून दाखवला, रांगेतल्या टँकरवाल्यांसकट सगळ्यांना.

चौथा पर्याय लागला. भाची खूश आहे. धाकटा भाचा यंदा दहावीला आहे, अकरावीचा फॉर्मही ऑनलाइनच. ताईने त्यात स्वतःचा मोबाईल नंबर दिलाय.