सोन्याखालचं पितळ

सतार ‘उजळ’ झाली म्हणे. सतारिया तोच, रेकॉर्डिंग तेच, स्पीकरही तेच; बदलली ती स्पीकरच्या पाठीमागची पिन. आधी तिच्यावर सोन्याचा मुलामा होता, आता ऱ्होडियमचा आहे. ‘सोन्यात ऊब होती हो, पण वरच्या सुरांना धार नव्हती,’ असं आमच्या ओळखीचे एक कानसेन सांगतात आणि समोरचे चौघे माना डोलावतात. डोलावली नाही, तर ‘तुमची सिस्टीम तेवढी रिव्हीलिंग नसेल’ हे वाक्य तयार असतं. म्हणजे दोष तुमच्या कानाचा नाही, ऐपतीचा.

मग ऱ्होडियमची कुंडली मांडणं आलं. कुठला धातू वीज किती वाहून नेतो हे सांगायला १९१३ साली तांब्याचं एक आंतरराष्ट्रीय प्रमाण ठरलं. त्या तांब्याला १०० गुण दिले, तर चांदीला १०५च्या आसपास मिळतात, सोन्याला ७०च्या थोडे वर, आणि ऱ्होडियमला जेमतेम ४०. पितळ तर ३०सुद्धा गाठत नाही. तांब्यापेक्षा कमी गुणांचं म्हणून जास्त पैसे देऊन सोनं घ्यायचं, आणि तेही फार चांगलं वाटायला लागलं की आणखी पैसे मोजून ऱ्होडियम! सराफ हा धातू पांढऱ्या सोन्यावर चढवतात, चकाकी टिकावी म्हणून. मोटारीत तो धुरातले विषारी वायू निकामी करतो. बागेश्री उजळ करण्याचं काम त्याला नेमकं कधी लागलं, ते खोक्यावर छापलेलं नाही.

खोक्यावर ‘२४ कॅरेट’ मात्र ठळक असतं. अर्ध्या मायक्रॉनचा मुलामा धरला, तर एका पिनेवर सोनं बसतं दोन-अडीच मिलिग्रॅम. आजच्या भावाने वडापावाच्या आसपास. त्या सोन्याखाली बहुतेक वेळा निकेल असतं आणि निकेलखाली पितळ. खरं तर या पितळेने कुणाचं काही बिघडवलेलं नाही. चार मिलिमीटर जाडीच्या, दोन सेंटिमीटर लांबीच्या पितळी पिनेचा रोध भरतो ओहमच्या दहा हजाराव्या भागाएवढा, आणि पुढे बसलेला स्पीकर आहे आठ ओहमचा. गाणं जरा चढलं आणि स्पीकरच्या आतली तांब्याची कॉइल एका अंशाने, फक्त एका अंशाने तापली, तर तिचा रोध जेवढा वाढतो तेवढ्यात अशा दोनशे पिना बसतील. पण कॉइलचा ताप कुठल्या कानसेनाला कधी ऐकू आलेला नाही. त्यांना पिनेचा धातू ऐकू येतो. आणि तोही दोनशे तास ‘रन-इन’ झाल्यावर. दोनशे तास! तेवढ्या वेळात माणूस सतार वाजवायला नाही, तरी निदान जुळवायला शिकेल.

बरं, ऱ्होडियममधून न्हाऊन निघालेली ही सतार पुढे कुठे जाते? स्पीकरच्या खोक्यात. तिथे तिच्या स्वागताला काय असतं? टर्मिनलच्या आतल्या टोकाला कथलाचा हात फिरवलेली पितळी पट्टी, तिला खोचलेली बारीक वायर, वायरीला डाग दिलेला. त्या डागाचा मालमसाला कथील-शिशाचा, वाहकतेत तांब्याच्या आठव्या-नवव्या हिश्शाचा. मग क्रॉसओव्हरच्या पाटीवर पुन्हा डाग, पुढे कित्येक मीटर तांब्याची गुंडाळी, पुन्हा डाग, आणि शेवटी केसासारख्या तारेची कॉइल. एवढे उंबरे ओलांडताना सतार कुठेच काळवंडत नाही. मुळात ती रेकॉर्ड झाली तेव्हा माईकपासून मशीनपर्यंत असे किती डाग, किती पिना तिच्या वाटेत होत्या, याचा हिशोब कोणी ठेवलेला नाही. कारण तिथे काम करणाऱ्यांना संध्याकाळपर्यंत गाणं संपवायचं होतं. शेवटच्या दोन सेंटिमीटरवर मात्र ऱ्होडियम पाहिजे!

मुलाम्याचं खरं काम कल्हईचं आहे. पितळेच्या भांड्यात अन्न कळकू नये म्हणून कल्हई, तसं टोक काळं पडू नये म्हणून सोनं. गुणांत पहिली आलेली चांदी गंधकाच्या हवेत काळी पडते, तांब्यावर पापुद्रा धरतो, सोन्याला काही होत नाही. संपली गोष्ट. ज्याचे स्क्रू घट्ट आहेत आणि वायरीची टोकं वर्षातून एकदा पुसली जातात, त्याला कुठलाही धातू चालतो.

आणि सोनं जिथे खरोखर उपयोगाचं, तिथे बघा काय आहे. स्पीकरच्या तारेतून वीज ढकलत जाते, बारीकसा पापुद्रा ती जुमानत नाही. माईकची वीज मिलिव्होल्टांत मोजायची, तिला तेवढा पापुद्राही भिंत होतो. मग आमच्या नाट्यगृहांत माईकच्या पिना कशाच्या आहेत? पापुद्र्याच्या! मूळ धातू कोणता होता हे आता उत्खननानेच कळेल. पडदा वर जातो, नट कधी नव्हे तो हळू आवाजात काहीतरी जीव ओतून बोलायला लागतो, आणि खर्र... खट्ट... शांतता. मागच्या रांगेतून ‘आवाज!’ अशी आरोळी. विंगेतून एक पोरगा वाकून येतो, फळीखालच्या खोक्यातली पिन हलवतो, तिच्याखाली काडेपेटी सरकवतो आणि वाकूनच परत जातो. दुसऱ्या अंकात तेच. पाचशे रुपयांचं तिकीट काढून काडेपेटीच्या भरवशावर नाटक ऐकायचं! आणि यावर कोणी ब्र काढत नाही. दुसऱ्या रांगेत बसलेले आमचे कानसेनही नाही. व्यवस्थापकाला विचारलं तर ‘बजेट नाही’. अहो, कसलं बजेट? कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक डबा, एक स्क्रूड्रायव्हर आणि एक रिकामी दुपार! पण डब्याचं टेंडर निघत नाही. निघालंच तर नव्या स्पीकरांचं निघेल, उद्घाटनाला हार-तुरे होतील, आणि जुनीच वायर त्यांना जोडतील. टेप गुंडाळून.